कौल, स्लॅब आणि पत्रा

गोव्यात 'कौल' या शब्दाला तीन अर्थ आहेत. देवळात देवाला लावतात तो कौल, १९६७ साली आपण मतपेटीत टाकला तो जनमत कौल, आणि घराच्या डोक्यावर घालतात ते कौल. पहिल्या दोन कौलांवर आपल्याकडे वाद घालायला माणसे सदैव तयार असतात. तिसऱ्याची आठवण मात्र माकडांनी ते फोडल्यावर आणि पावसाची धार अंथरुणात आल्यावरच होते. आज त्या तिसऱ्या कौलाबद्दल लिहायचे आहे.

निमित्त आहे हल्लीच्या 'हरित इमारती'च्या चर्चेचे. इमारतींनी वीज कमी खावी, पर्यावरणाचा तोल सांभाळावा यावर आपल्याकडे परिसंवाद होतात. ते बहुधा अशा सभागृहांत होतात की जिथे भर एप्रिलात खांद्यावर शाल घ्यावी लागते. पडद्यावर काचेच्या उंच इमारतींची चित्रे येतात, सौरपट्ट्या येतात, आपोआप विझणारे दिवे येतात. हे सगळे चांगलेच आहे. पण गोव्यातले घर तापते ते मुख्यतः वरून, आणि त्या वरच्या गोष्टीवर, म्हणजे छपरावर, शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी घाईघाईने बोलते. माझ्या मते आपल्याकडचा इमारतींच्या विजेचा प्रश्न हा आधी छपराचा प्रश्न आहे. आणि छपराचा इतिहास हा केवळ गवंडी-सुतारांचा इतिहास नाही. त्यात भाटकार येतो, मुंडकार येतो, जर्मन मिशनरी येतात, आखातातला पैसा येतो आणि मोलेचे रानही येते.

आधी सूर्याचे पाहू. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा दुपारचा सूर्य आपल्या अगदी माथ्यावर येतो. एकदा मे महिन्याच्या पहिल्या काही दिवसांत (काणकोणात एक-दोन दिवस आधी, पेडण्यात नंतर) आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. ऑगस्टातला सूर्य ढगांआड जातो, त्याचे काही वाटत नाही. पण मेच्या आरंभी, ऐन उकाड्यात, माणसाची सावली पायाखाली जाते आणि घराच्या भिंतींना दुपारी ऊन जवळजवळ लागतच नाही. ते सगळे छपरावर पडते. युरोपातल्या घराला दक्षिणेची भिंत महत्त्वाची. आपल्याला छप्पर. त्यानंतर महिन्याभरात पाऊस येतो, आणि तोही याच छपरावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो. एकाच वस्तूने ऊन अडवायचे आणि एवढे पाणीही ओतून टाकायचे, ही आपल्या घरांची मूळ अडचण आहे. सगळा इतिहास या अडचणीभोवती फिरतो.

सर्वांत जुने आणि बहुसंख्य लोकांचे छप्पर होते ते गवताचे आणि माडाच्या विणलेल्या चुडतांचे. ऊन अडवण्याच्या बाबतीत याच्याइतके चांगले छप्पर पुढे कधी झाले नाही. गवताच्या काड्यांमध्ये हवा अडकून राहते आणि अडकलेल्या हवेतून उष्णता सहसा पुढे सरकत नाही. आज थर्माकोलचा जाड ताव जे काम करतो तेच काम फुकटचे गवत करीत होते. छपराची वळचण खाली वाके, त्यामुळे मातीच्या भिंतीही पावसातून वाचत. पण दरवर्षी पावसाआधी शाकारणी करावी लागे, म्हणजे जुने कुजलेले काढून नवे घालावे लागे. चुलीची ठिणगी उडाली की घटकाभरात घराची राख. आणि त्याच छपराखाली धुरात बायका रांधीत. धुराने छपरातली कीड मरते, असे पुरुष अंगणात बसून सांगत. जुन्या घरांच्या गारव्याचे गोडवे गाताना हे विसरता कामा नये.

त्यावरची पायरी म्हणजे नळे. कुंभाराने चाकावर किंवा साच्यावर घडवलेली अर्धगोल कौले, एक उताणे, त्यावर एक पालथे. देवळे, इगर्जी, भाटकारांची घरे यांवर ती असत. दिसायला फार देखणी, पण वजनाला भारी. त्यांच्याखाली लाकडाचे रानच उभे करावे लागे. खिळा नाही, खाच नाही, नुसती एकमेकांच्या आधाराने बसलेली. त्यामुळे वारा, मांजर, माकड यांपैकी कुणीही ती सरकवू शके.

१८६५ साली मंगळुरात एक घटना घडली, जिने आपल्या किनाऱ्यावरच्या घरांचा चेहरा बदलला. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात मुख्यालय असलेल्या बाझल मिशनने जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. जॉर्ज प्लेब्स्ट हे त्यामागचे नाव. मिशनपुढे प्रश्न होता तो धर्माचा नव्हे, पोटाचा. जे लोक ख्रिस्ती झाले त्यांचे जातीशी बांधलेले धंदे सुटले, त्यांना काम हवे होते. म्हणून मिशनने विणकामाचे माग घातले आणि कौलांच्या भट्ट्या पेटवल्या. मंगळुराजवळच्या नद्यांकाठची चिकणमाती त्या कामाला उत्तम होती. एकमेकांत खाचेने अडकणाऱ्या सपाट कौलाची कल्पना मात्र फ्रान्सकडची.

या खाचेतच सगळी गंमत आहे. नळ्यांसारखा दुहेरी थर लागत नाही, म्हणून वजन कमी. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले पुरतात. वजन कमी म्हणून वासे बारीक चालतात, माडाच्या आणि पोफळीच्या लाकडावरही भागते. उतार थोडा कमी असला तरी पाणी आत येत नाही. आणि एक फुटले तर तेवढेच काढून दुसरे बसवता येते, त्यासाठी सुतारही लागत नाही, घरातला एखादा हलका पोरगा पुरतो. गलबतांत भरून ही कौले किनाऱ्याने वर वर येत गेली. प्रोटेस्टंट मिशनच्या भट्टीतून निघालेला हा माल कॅथलिक इगर्जीवर बसला आणि हिंदू देवळांच्या सभामंडपांवरही चढला, आणि कुणाचा धर्म बुडाला नाही.

कौलारू घर थंड का राहते याबद्दल आपल्याकडे बरीच ढोबळ समजूत आहे. माती थंड असते म्हणून, असे लोक म्हणतात. तसे नाही. कौल हातभर जाडीचे नसते. दुपारी त्याला खालून हात लावून पाहा, चांगले तापलेले असते. कौलारू छपराची खुबी वेगळी आहे. एक म्हणजे दोन कौलांच्या सांध्यात फटी असतात, आणि खोलीतली वर चढलेली गरम हवा त्या हजारो फटींतून सतत बाहेर पडत असते. दुसरे म्हणजे छप्पर उंच असते, तापलेले कौल आणि तुमचे डोके यांत पंधरा-वीस फुटांचे अंतर पडते. मध्ये माळा असला किंवा लाकडी छत मारलेले असले तर आणखी एक पडदा. तिसरे, आणि मला वाटते सर्वांत महत्त्वाचे, कौल पातळ असल्यामुळे ते उष्णता साठवून ठेवीत नाही. सूर्य मावळला की अर्ध्या-पाऊण तासात ते निवते. झोपायच्या वेळी छप्पर बाहेरच्या हवेइतके थंड झालेले असते.

शेवटचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. राजस्थानात जाड दगडी घर चालते, कारण तिथे रात्र थंड असते, दिवसाची उष्णता रात्री निघून जाते. आपली मेमधली रात्र थंड नसते, दमट असते. दमट हवेत घाम सुकण्यासाठी वारा खेळायला हवा. म्हणून आपल्या घरात समोरासमोर दारे-खिडक्या, पुढे सोपो नाहीतर बाल्कांव, मध्ये राजांगण. पेडण्याच्या देशप्रभूंच्या वाड्यात किंवा पणजीत म्हामाय कामतांच्या घरात ही चौकांची रचना दिसते. चांदरच्या मिनेझिस ब्रागांझांच्या घरासारखी कॅथलिक घराणी रस्त्याकडे तोंड करून बसली, हिंदू घरे आतल्या तुळशीकडे. पण वाऱ्याचा विचार दोघांनी केला. चिऱ्याच्या दीड-दोन फूट भिंती दोघांच्याही, कारण खाणीतून काढताना चिरा ओला आणि मऊ असतो, कोयत्या-कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागली की कठीण होतो. त्याच्या पोकळ्यांत हवा असते, म्हणून उन्हाला तो चटकन दाद देत नाही.

प्रकाशाचीही सोय होती. मधल्या काळोख्या खोलीवर एखादे काचेचे कौल बसवायचे, की दिवसभर दिवा लावायला नको. आणि खिडक्यांना शिंपल्या. काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळात आपल्या खाड्यांतल्या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या तासून लाकडी पट्ट्यांत बसवीत. फिलिपिन्समध्येही नेमक्या याच शिंपल्यांच्या खिडक्या आहेत. त्यांतून उजेड येतो तो दुधासारखा, झळ येत नाही. या शिंपल्या आज बाजारातून आणून बसवायचा विचार कुणी करू नये. २००१ साली तो प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत गेला आहे आणि चिखलीच्या खाडीत जे काही शिल्लक आहे ते तिथेच राहिलेले बरे. पण उजेड हवा, झळ नको, हे तत्त्व त्या कारागिरांना कळले होते. हल्ली पश्चिमेला छतापासून जमिनीपर्यंत काच लावून, आत जाड पडदा ओढून, दिवे पेटवून, एसी लावून बसणाऱ्यांना ते कळलेले नाही, एवढेच.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर एक गोड लेख झाला असता. जुने ते सोने. पण मग प्रश्न राहतो की इतके शहाणे घर लोकांनी सोडले का? गोवेकर काही वेडा नव्हता.

याचे उत्तर मला वास्तुशास्त्राच्या पुस्तकात नाही, मुंडकाराच्या खोपीत सापडते. ज्या घरांची वर्णने आपण करतो, ज्यांची छायाचित्रे पर्यटकांच्या पुस्तकांत येतात, ती भाटकारांची घरे. त्याच भाटकाराच्या भाटात, माडांच्या राखणीसाठी, मुंडकार मातीच्या भिंतीत राहत असे. जमीन त्याची नाही. घर वाढवायचे, चिरा घालायचा, तर भाटकाराची मर्जी हवी. पक्के घर बांधू दिले तर हा उद्या उठणार नाही, हे भाटकाराला पक्के ठाऊक होते. म्हणून मुंडकाराचे छप्पर कच्चेच राहिले, आणि ते कच्चे होते हीच त्याच्या परावलंबनाची खूण होती. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९७५ साली मुंडकार संरक्षण कायदा आला, आणि त्याच सुमारास गोव्यातली माणसे आखातात जाऊ लागली. बोटीवरची माणसे तर आधीपासून होतीच. पैसा आला, सिमेंट-लोखंड मिळू लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्या शाकारणी करून कंटाळलेल्या माणसाने पहिली गोष्ट कोणती केली असेल? स्लॅब घातला.

स्लॅब घालण्याचा दिवस ज्याने त्या काळात पाहिला आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. पहाटेपासून मिक्सरची घरघर, घमेल्यांची साखळी, वाड्यावरची सगळी माणसे हजर, आणि संध्याकाळी सर्वांना जेवण. ते छप्पर पुन्हा कधी शाकारायचे नव्हते. ते जळणार नव्हते, त्यातून चोर उतरणार नव्हता, साप पडणार नव्हता. पोराचे लग्न झाले की त्यावर आणखी एक मजला चढवता येणार होता, म्हणून तर कोपऱ्यांतून लोखंडी सळ्या वर काढून ठेवलेल्या असत. त्या सळ्यांना कुणी कुरूप म्हटले की मला राग येतो. ज्याच्या आजोबाला एक खोली वाढवायला परवानगी मागावी लागे, त्याने आभाळाकडे काढून ठेवलेली ती वाढीव जागा होती.

भाटकारांच्या घरांतही पुढे तेच झाले, कारणे मात्र वेगळी. वाटण्या झाल्या. वीस खोल्यांच्या कौलांची डागडुजी कुणी करायची यावर भावाभावांत बोलणे बंद झाले. कौले परतणारी माणसे मिळेनाशी झाली, सागाचे लाकूड परवडेना. आमच्या फोंडा महालातल्या घरी १९८३ साली मागच्या बाजूच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला. आजीची खाट त्यातल्या एका खोलीत गेली. पहिल्याच एप्रिलात तिने खाट उचलून पुन्हा सोप्यावर आणायला लावली. म्हणाली, "दिसाचें वत रातीं घरांत येता." दिवसाचे ऊन रात्री घरात येते.

शाळेत न गेलेल्या बाईने हे जे सांगितले त्याला अभियंते काळाचा विलंब म्हणतात. पाच-सहा इंच जाडीचा काँक्रीटचा थर दिवसभर ऊन पितो. ती उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला काही तास लागतात. दुपारी दोनला वर पडलेले ऊन संध्याकाळी सात-आठला खोलीच्या छतातून अंगावर उतरू लागते, आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत राहते. दुपारी स्लॅबची खोली कौलारू खोलीपेक्षा बरीसुद्धा वाटते, म्हणून बांधताना कुणाच्या लक्षात येत नाही. फसवणूक रात्री कळते. पंखा लावला तर तो ती छताजवळची गरम हवाच खाली ढकलतो. म्हणून मग एसी.

इथे थोडा हिशेब करू. जुना साधा पंखा ७५ वॅटचा, आठ तासांत अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज खातो. नव्या पद्धतीचा पंखा त्याच्या निम्म्याहून कमी. दीड टनाचा एसी त्याच आठ तासांत आठ-दहा युनिटे घेतो. म्हणजे एसीची एक रात्र ही पंख्याच्या पंधरा रात्रींबरोबर झाली. घरात तीन खोल्या, वाड्यावर चाळीस घरे, असा गुणाकार ज्याने त्याने करून पाहावा.

ही वीज येते कुठून? गोव्याची स्वतःची म्हणावी अशी मोठी वीजनिर्मिती नाही. छत्तीसगडातले कोरबा, मध्य प्रदेशातले विंध्याचल अशा कोळशावरच्या केंद्रांतून आपला वाटा येतो. सह्याद्री ओलांडून येतो. मागणी वाढली की तार वाढवावी लागते, आणि तार वाढवायची तर रान आडवे येते. २०२० साली मोलेच्या अभयारण्यासाठी गोव्यातली तरुण मुले रस्त्यावर उतरली, तेव्हा विरोध होता तो तीन प्रकल्पांना: रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि तमनारची वीजवाहिनी. वाहिनीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने, नवे रान तोडण्याऐवजी आधीच्या वाहिनीच्या पट्ट्याचा वापर करावा, ही आपल्या समितीची शिफारस उचलून धरली. त्या आंदोलनाबद्दल मला आदर आहे. पण त्या काळात माझ्या मनात सारखे येत होते की घोषणा देऊन घरी परतलेला मुलगा रात्री ज्या स्लॅबखाली झोपतो, तो स्लॅबच वाहिनीची मागणी करतो आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नाही.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी संहिता आली. एसीवर तारे आले, आणि जानेवारी २०२० पासून नव्या एसीचे तापमान आपसूक २४ अंशांवर येईल अशी सक्ती झाली. पण राहत्या घराच्या भिंती-छपराचा विचार करणारी 'इको-निवास संहिता' यायला डिसेंबर २०१८ उजाडले. तिच्यात छपरासाठी एक आकडा आहे, १.२. म्हणजे बाहेर-आत एका अंशाचा फरक असेल तेव्हा एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येता कामा नये. उघड्या स्लॅबचा हाच आकडा तीनाच्या वर जातो. शंभर चौरस मीटरचा स्लॅब आणि वीस अंशांचा फरक धरला तर सहा हजार वॅट उष्णता नुसत्या छतातून घरात येते. दीड टनाचा एसी सुमारे सव्वापाच हजार वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे एक अख्खा एसी फक्त स्लॅबशी भांडण्यातच खर्ची पडतो, माणसांपर्यंत थंडावा पोहोचतच नाही.

आता यातली विसंगती सांगतो. आपले मंगळुरी कौलही या आकड्याच्या परीक्षेत नापास होईल. नुसत्या पातळ कौलाचा आकडाही तीनाच्याच घरात. फटींतून निघून जाणारी हवा, छपराची उंची, संध्याकाळी लगेच निवणे, यांतले काहीच त्या एका आकड्यात मावत नाही. संहिता लिहिणाऱ्यांचा हा दोष म्हणत नाही, मोजता येते तेच कायद्यात घालता येते. पण म्हणून मला भीती वाटते ती अशी की आकडा गाठण्यासाठी आपण घरे नुसती बंद, लपेटलेली, वाराहीन बांधू आणि मग त्यांना एसीशिवाय राहताच येणार नाही.

काँक्रीट म्हटले की ते वाईटच, असेही नाही. चार्ल्स कुरैया यांची कांपालची कला अकादमी १९८३ साली उभी राहिली ती काँक्रीटचीच. पण तिथे रस्त्यावरून आत शिरलात की तुम्ही इमारतीत आहात की बाहेर हे कळत नाही. वर सावली, बाजू मोकळ्या, समोर मांडवी, आणि वारा आरपार. आपल्या बाल्कांवाचे आणि सोप्याचेच ते मोठे भावंड. तिच्या दुरुस्तीवरून पुढे जे झाले तो वेगळा आणि क्लेशाचा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

उलट हल्लीच्या 'गोवन व्हिला' नावाच्या प्रकाराकडे पाहा. उतरता स्लॅब घालायचा आणि त्यावर सिमेंटात कौले चिकटवायची. बाहेरून पाहणाऱ्याला कौलारू घर. फट नाही, हवा नाही, काँक्रीट जसेच्या तसे. कौल उरले ते टिळ्यापुरते. पाडलेल्या जुन्या घरांची कौले त्यासाठी मुद्दाम विकत घेतात म्हणे, शेवाळलेली असली तर अधिक पसंत.

खरी सुधारणा मला दिसते ती ज्याची आपण चेष्टा करतो त्या वस्तूत, म्हणजे गच्चीवरच्या पत्र्यात. गोव्यात कुठल्याही वाड्यावर उभे राहून पाहा, स्लॅबवर लोखंडी खांब आणि त्यावर रंगीत पत्र्याचे उतरते छप्पर. नगररचनेचा अभिमान बाळगणारे लोक नाके मुरडतात. हा पत्रा कुणी ऊर्जा वाचवण्यासाठी घातला नाही. स्लॅब गळायला लागला म्हणून घातला. आपल्या पावसात सपाट गच्ची दहा-पंधरा वर्षांत गळणारच, हे आखातातले घर पाहून आलेल्याला ठाऊक नव्हते. पण पत्रा घातल्यावर घरातल्या बाईच्या लक्षात आले की यंदा वरची खोली तितकी तापत नाही. कारण ऊन आता पत्र्यावर थांबते, पत्रा आणि स्लॅब यांच्यामधून वारा वाहतो, आणि स्लॅबला सावली मिळते. म्हणजे शंभर वर्षे आपल्या कौलांनी आणि माळ्याने जे केले तेच, गळतीच्या निमित्ताने, लोकांनी पुन्हा शोधून काढले. शिवाय पापड वाळतात, कपडे वाळतात, चतुर्थीला माणसे उतरली तर वर झोपतात.

शहरांत गच्चीला पांढरा रंग देऊन ऊन परतवण्याचा उपाय सांगतात. तो खोटा नाही, पण आपल्याकडे एका पावसात ती गच्ची शेवाळाने काळी होते. दरवर्षी पाऊस सरल्यावर घासून चुन्याचा हात द्यायची तयारी असेल तर जरूर करावा. नाहीतर सावलीच बरी. सौरपट्ट्या बसवल्या तर वीजही मिळते आणि खाली सावलीही पडते. पश्चिमेच्या खिडकीवर दोन-अडीच फुटांची झडप, भिंतीलगत एखादे झाड, हे तर सांगायलाही नको.

यंदा आमच्या त्या मागच्या दोन खोल्यांवर पत्रा पडला. भावाला हिरवा रंग हवा होता, वाड्यावर सगळ्यांचा हिरवाच आहे. मी फिकट राखाडीवर अडून बसलो, कारण गडद रंग ऊन जास्त पितो. खांब डोक्याच्या वर जातील एवढे उंच घेतले. वेल्डिंग करणाऱ्या पोराला दोन्ही टोकांचे त्रिकोण उघडे ठेव असे दोनदा बजावून मी पणजीला गेलो. परत येऊन पाहतो तर त्याने दोन्ही बाजूंना बारीक जाळी ठोकलेली. विचारले तर म्हणाला, "भाई, माकडां भितर सरतलीं." जाळीतून वारा जातो की नाही हे बघायला मी उदबत्ती लावून वर गेलो. धूर सरळ पूर्वेकडे निघून गेला. जाळी राहू दिली.